एक फोन, एक लॅपटॉप आणि नववीचा वर्ग : छात्राध्यापकांसाठी वेब साधनांच्या पाठाची पूर्ण तयारी

बी.एड.च्या दोन वर्षांत शाळेतल्या अनुभवाचे किमान २० आठवडे असतात आणि त्यात कधी ना कधी ‘आयसीटी’चा (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान वापरून द्यायचा) पाठ द्यावाच लागतो. बहुतेक टाचणांत (पाठाच्या लेखी आराखड्यांत) तो पाठ एकाच साच्याचा असतो : पंधरा स्लाइड, एक यूट्यूब व्हिडिओ, शेवटी एक गुगल फॉर्म. साधनांची यादी लांबलचक होते. पण मुलांना नेमकं काय उमगलं, ते ना पाठ देणाऱ्याला कळतं ना पाहणाऱ्याला.

वर्गात वेब साधनं दोन कामं खरोखर चांगली करतात. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट ती दाखवतात, आणि प्रत्येक मुलाचा अंदाज एकाच वेळी गोळा करतात. व्याख्या लिहिणं, आकृती काढणं, उदाहरण सोडवणं ही कामं फळ्यावर जास्त नीट होतात, कारण फळ्यावरची आकृती मुलांच्या डोळ्यांदेखत उभी राहते आणि तासभर टिकते. म्हणून टाचण लिहिताना पहिला प्रश्न हा ठेवा : या घटकात मुलं नेमकी कुठे अडतात? ती जागा सापडली की साधन निवडायला दोन मिनिटं लागतात. आधी साधन ठरवलं, तर त्याला शोभेल असा घटक शोधत बसावं लागतं आणि पाठ तिथेच फसतो.

पुढचं सगळं एका पाठाच्या आधाराने मांडलं आहे : नववीच्या विज्ञानातल्या ‘धाराविद्युत’ या प्रकरणातली एकसर (बल्ब एकाच वाटेवर एकापाठोपाठ) आणि समांतर (प्रत्येक बल्बाला वेगळी वाट) जोडणी. तासिका ३५ मिनिटांची, वर्ग साठेक मुलांचा, हाताशी एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि तुमचा फोन.

मुलं कुठे अडतात

दोन सारखे बल्ब एकसर जोडले की घटाच्या जवळचा बल्ब जास्त उजळेल आणि दुसऱ्यापर्यंत ‘उरलेली’ वीज पोहोचेल, असं पुष्कळ मुलांना मनापासून वाटतं. सूत्र पाठ असलेल्या मुलांनाही वाटतं. विद्युतधारा वाटेत खर्च होते ही कल्पना फार चिवट आहे, आणि ‘एकसर जोडणीत सर्व रोधांतून समान विद्युतधारा वाहते’ हे वाक्य दहा वेळा लिहून घेतल्याने ती जात नाही. धारा दिसत नाही, हीच खरी अडचण. एका जोडणीतून दुसरीत गेल्यावर धारेचं काय होतं हे दाखवणारं साधन इथे हवं.

खरा परिपथ आधी

सिम्युलेशनच्या (पडद्यावर प्रयोग चालवून दाखवणाऱ्या साधनाच्या) आधी टेबलावर खरा परिपथ (सर्किट) जोडा. साहित्य : १.५ व्होल्टचे दोन नवे सेल, टॉर्चचे दोन फिलामेंटचे बल्ब होल्डरसकट, एक कळ, अर्धा मीटर बारीक वायर.

बल्ब फिलामेंटचेच आणा, ही बाब बारीक वाटली तरी फार महत्त्वाची आहे. हल्ली दुकानात टॉर्चचा बल्ब मागितला की एलईडी मिळतो. पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण ३ व्होल्ट विभवांतर लागतं, त्यामुळे दोन एलईडी एकसर जोडून ३ व्होल्ट दिले तर एकही पेटत नाही. शिवाय एलईडी एकाच दिशेने जोडला तर चालतो. मुलं मग ‘एकसर जोडणीत बल्ब पेटतच नाहीत’ असा भलताच निष्कर्ष घेऊन घरी जातात. फिलामेंटचे बल्ब प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानात मिळतात. घेताना चार घ्या आणि त्यातले दोन निवडा, कारण एकाच खोक्यातले बल्बही तंतोतंत सारखे उजळत नाहीत. एक बल्ब जरासा मंद निघाला, की वर्गातल्या चुकीच्या समजाला पुरावाच मिळतो.

तरीही फरक दिसलाच तर बल्बांच्या जागांची अदलाबदल करा. मंद बल्ब घटाजवळ आला तरी मंदच राहतो, म्हणजे फरक बल्बाचा आहे, जागेचा नाही. हा अर्ध्या मिनिटाचा प्रयोग अख्ख्या तासिकेतला सगळ्यात मोलाचा भाग ठरू शकतो.

सिम्युलेशनची तयारी

या पाठासाठी ‘फेट’ची सिम्युलेशन वापरा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. सिम्युलेशन मोफत आहेत, त्यांतल्या अनेकांचं मराठी भाषांतर उपलब्ध आहे आणि बहुतेक नेटशिवाय चालतात. आपल्याला हवं त्याचं नाव ‘सर्किट कन्स्ट्रक्शन किट : डीसी’.

घरी किंवा महाविद्यालयात, पाठाच्या निदान दोन दिवस आधी :

१. फेटच्या संकेतस्थळावर हे सिम्युलेशन शोधा. त्याच्या पानावर भाषांतरांची यादी असते, तिच्यात मराठी आहे का ते पाहा. मराठी प्रत घेतली तर तिच्यातल्या संज्ञा बालभारतीच्या पुस्तकाशी ताडून बघा. जिथे शब्द वेगळा असेल तिथे पुस्तकातला शब्द फळ्यावर लिहून ठेवायचा, कारण परीक्षेत तोच येणार.

२. डाउनलोडच्या बटणाने फाइल उतरवून घ्या. ती एका वेबपानाची फाइल असते आणि ब्राउझरमध्येच उघडते. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर.

३. आता वायफाय बंद करा आणि फाइल उघडून बघा. ही पायरी पुष्कळ जण गाळतात. पान आधीच ब्राउझरमध्ये उघडं असतं, त्यामुळे फाइल उतरली आहे असं वाटतं, आणि शाळेत गेल्यावर कोरा पडदा दिसतो.

४. तीन वेगवेगळ्या टॅबमध्ये तीन परिपथ जोडून ठेवा : एक बल्ब, दोन बल्ब एकसर, दोन बल्ब समांतर. जोडलेला परिपथ साठवून ठेवायची सोय यात नाही. टॅब ‘रिफ्रेश’ झाला की सगळं पुसलं जातं. म्हणून लॅपटॉप झोपी न जाण्याची सेटिंग करा, चार्जर लावूनच ठेवा. आणि तरीही परिपथ वर्गासमोर पुन्हा जोडावा लागला तर तो दोन मिनिटांत झाला पाहिजे, एवढा हात बसवा.

जोडणी सोपी आहे. डावीकडच्या पेटीतून घट, बल्ब, वायर ओढून आणायच्या. टोकं एकमेकांजवळ नेली की आपोआप चिकटतात. चुकीची जोडणी सोडवायची असेल तर सांध्यावर टिचकी मारा, कात्रीचं चिन्ह येतं. बल्बाला दोन टोकं असतात, एक तळाशी आणि एक बाजूला. दोन्ही वायरी एकाच टोकाला लावल्या तर बल्ब पेटत नाही, आणि घाईत नेमकं हेच होतं.

उजवीकडे विद्युतधारा दाखवायचा पर्याय असतो. इलेक्ट्रॉनचे ठिपके दाखवायचे की पुस्तकात दिलेल्या सांकेतिक दिशेचे बाण, हे आधी ठरवा आणि पूर्ण तासिका तेच ठेवा. मध्येच बदललं तर ठिपक्यांच्या जागी उलट दिशेने जाणारे बाण दिसू लागतात आणि वर्ग भलत्याच प्रश्नात अडकतो.

आकडे पाठ असू द्या. घट ९ व्होल्टचा, प्रत्येक बल्बाचा रोध १० ओहम. एका बल्बातून ०.९ अँपिअर. दोन बल्ब एकसर जोडले की एकूण रोध २० ओहम आणि धारा सगळीकडे ०.४५ अँपिअर. अमीटर (धारा मोजणारं उपकरण) दोन्ही बल्बांच्या आधी, मध्ये आणि नंतर लावून दाखवा, तिन्ही ठिकाणी तोच आकडा येतो. समांतर जोडणीत प्रत्येक बल्बातून ०.९ आणि घटातून १.८ अँपिअर. एकसर जोडणीत धारा निम्मी होते, पण प्रत्येक बल्बाची शक्ती मात्र ८.१ वॅटवरून सुमारे २ वॅटवर येते, म्हणजे पावपट. ‘धारा निम्मी तर प्रकाश इतका कमी का?’ असं चौकस मूल विचारतंच, तेव्हा उत्तर तयार हवं.

खऱ्या बल्बांवर मात्र आकडे असे चोख येत नाहीत. फिलामेंट तापलं की त्याचा रोध वाढतो. एकसर जोडणीत ते कमी तापतं, म्हणून धारा निम्म्याहून जास्त भरते. सेल जुने असतील तर त्यांच्या अंतर्गत रोधामुळे समांतर जोडणीत दोन्ही बल्ब किंचित मंदावतात. सिम्युलेशनमधला घट आणि बल्ब आदर्श आहेत, हे मुलांना स्पष्ट सांगा. पडद्यावरचं खरं आणि टेबलावरचं खोटं, असा समज होऊ देऊ नका.

साठ मुलांचे अंदाज एका फोनवर

मुलांकडे फोन नसताना प्रत्येकाचं उत्तर घ्यायला ‘प्लिकर्स’ सोयीचं आहे. प्रत्येक मुलाला छापील कार्ड मिळतं. कार्डावर काळा चौकोनी नक्षीसारखा आकार आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. मुलाला जे उत्तर वाटतं ते अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, अॅप कार्ड ओळखतं आणि कुणी काय निवडलं ते नोंदवतं. प्रत्येक कार्डाचा आकार वेगळा असतो आणि अक्षरं बारीक असतात, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून धरणं अवघड जातं.

नेहमीचा संच ४० कार्डांचा आहे, मोठा ६३ चा. साठ मुलांच्या वर्गात ४० चा संच घेऊन दोघांत एक कार्ड देणं जास्त चांगलं. उत्तर धरण्याआधी दोघांना बोलावं लागतं, आणि छपाईही निम्म्यावर येते.

छपाईत चुका होतात त्या अशा. साधा कागद मऊ पडतो आणि वाकतो, म्हणून जाड कार्डशीटवर छापा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडून कार्ड वाचलं जात नाही. पुन्हा वापरायची असतील तर पुठ्ठ्यावर चिकटवा. काळी शाई फिकट आली असेल तर ती प्रत बाद.

वर्गात मुलांना कार्ड धरायला शिकवण्यासाठी एक खोटा प्रश्न ठेवा, ‘आज वार कोणता?’ असा. बोटं काळ्या आकारावर आली की अॅप गोंधळतं, म्हणून कार्ड कडेला धरायचं आणि छातीसमोर ठेवायचं. मागच्या बाकावरच्यांनी जरा वर. तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभे राहा. मुलांच्या पाठीमागे ऊन असेल तर कॅमेऱ्याला सगळी कार्डं काळी दिसतात. फोन झपाट्याने फिरवू नका, एका रांगेवर क्षणभर थांबत पुढे जा.

प्लिकर्सला नेट लागतं, पण डेटा फार जात नाही, फोनचा हॉटस्पॉट पुरतो. मोफत खात्याच्या मर्यादा अधूनमधून बदलतात, म्हणून पाठाच्या आठवड्यात खातं उघडून तुमचे प्रश्न बसतात का ते बघा. वर्गाच्या यादीत मुलांची पूर्ण नावं टाकू नका, हजेरी क्रमांक टाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालची व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती हा कायद्याचा विषय आहे. तुमच्या पाठाला नावांची गरजच नाही. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो स्टेटसला टाकण्याबाबतही हाच नियम पाळा, मग निरीक्षकांना तो फोटो कितीही आवडो.

प्रश्न कसा लिहायचा

प्रश्न कच्चा असेल तर कार्डांचा काही उपयोग नाही. ‘एकसर जोडणी म्हणजे काय?’ हा प्रश्न पाठांतर तपासतो. चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या समजुतींतून घ्या :

एका बल्बाच्या परिपथात तसाच दुसरा बल्ब एकसर जोडला, तर काय दिसेल?
ए. दोन्ही बल्ब पहिल्याइतकेच उजळतील.
बी. घटाच्या धन टोकाजवळचा बल्ब जास्त उजळेल.
सी. दोन्ही सारखेच, पण पहिल्यापेक्षा मंद उजळतील.
डी. एकही पेटणार नाही.

बी निवडणाऱ्यांना धारा खर्च होते असं वाटतं. ए निवडणाऱ्यांना घट नेहमी तेवढीच धारा पुरवतो असं वाटतं. म्हणजे उत्तरांचा आलेख बघूनच पुढे काय दाखवायचं ते ठरतं. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय कधीच नको, त्यातून काही कळत नाही.

एआयकडून प्रश्न करून घेत असाल तर प्रत्येक पर्याय स्वतः सोडवून बघा. मराठीत तयार झालेल्या प्रश्नांत पुस्तकाबाहेरच्या संज्ञा घुसतात, आणि चुकीचे पर्याय बहुधा इतके उघड चुकीचे असतात की मुलं ते न शिकताही गाळतात.

पस्तीस मिनिटं

पहिली पाच मिनिटं टेबलावरचा एका बल्बाचा परिपथ. मग वरचा प्रश्न, दोन मिनिटं कार्डं. आलेख मुलांना लगेच दाखवू नका, बरोबर उत्तर तर मुळीच नको. हार्वर्डचे एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली पद्धत इथे कामी येते : साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं उत्तर बरोबर असेल तर शेजारच्या बाकाशी तीन मिनिटं चर्चा करू द्या आणि पुन्हा कार्डं घ्या. त्याहून कमी असेल तर चर्चेतून काही निघत नाही, आधी थोडं शिकवा. ७० टक्क्यांच्या वर असेल तर थेट प्रयोगाकडे वळा.

दुसऱ्या मतदानानंतर खरा दुसरा बल्ब जोडा. कळ दाबण्याआधी खोलीतल्या ट्यूबलाइट बंद करायला सांगा, दिवसाच्या उजेडात मंद बल्ब मागच्या बाकावरून दिसत नाही. बल्ब काय करतात ते दिसलं की ‘का?’ हा प्रश्न मुलांच्याच तोंडून येतो. सिम्युलेशन उघडायची वेळ हीच. आठ मिनिटं पुरतात. ठिपक्यांचा (किंवा बाणांचा) वेग पहिल्या आणि दुसऱ्या टॅबमध्ये पाठोपाठ दाखवा, एकसर जोडणीत सगळेच ठिपके हळू चालतात, मध्येच कमी होत नाहीत. अमीटर लावायला एखाद्या मुलीला किंवा मुलाला पुढे बोलवा आणि माउस त्यांच्या हाती द्या.

समांतर जोडणीला सात मिनिटं : आधी अंदाज हात वर करून, मग तिसरा टॅब. वेळ उरला तर घटाच्या दोन टोकांना सरळ वायर जोडून दाखवा, पडद्यावर घटाला आग लागते. वर्ग हमखास ओरडतो. लघुपरिपथ (शॉर्ट सर्किट) आणि फ्यूज यांच्याकडे वळायची ती उत्तम जागा आहे, पण हे घरी खऱ्या सेलवर करायचं नाही हे तिथल्या तिथे सांगा.

शेवटची चार मिनिटं पडदा काळा ठेवा. मुलांनी वहीत दोन्ही आकृत्या काढून प्रत्येक बल्बाजवळ धारेचा आकडा लिहायचा. पडद्यावर पाहिलेलं हातातून उतरल्याशिवाय टिकत नाही.

केबल, पडदा, फॉन्ट

शाळेत आदल्या दिवशी जाऊन प्रोजेक्टर लावून बघा. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए लागते, नव्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय असते. मधलं कन्व्हर्टर सोबत ठेवा. व्हीजीएमधून आवाज जात नाही, म्हणून व्हिडिओ असेल तर वेगळा स्पीकर हवा. पडद्यावर काहीच येत नसेल तर विंडोजची कळ आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. एक्स्टेंशन बोर्ड स्वतःचा न्या. शेवटच्या बाकावर बसून प्रश्न वाचून बघा, वाचता येत नसेल तर अक्षर मोठं करा.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये लिहिलेला प्रश्न फॉर्ममध्ये किंवा प्लिकर्समध्ये चिकटवला की अगम्य चिन्हं उमटतात, कारण त्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडून घेतली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. त्यात हलन्त ‘डी’ कळीवर, ळ शिफ्ट आणि ‘एन’ वर, तर ‘दुसऱ्या’मधला ऱ शिफ्ट आणि ‘जे’ वर आहे. आठवडाभर रोज पाव तास सराव केला तर हात बसतो, आणि पुढची तीस वर्षं कामाला येतो.

गृहपाठाचा गुगल फॉर्म

फॉर्मला ‘क्विझ’ करताना लघुत्तरी प्रश्न आपोआप तपासायला लावू नका. ‘समांतर’, ‘समान्तर’, शेवटी पडलेली एखादी जागा, एवढ्यानेही बरोबर उत्तर चूक ठरतं. बहुपर्यायी ठेवा, आणि ‘असं का वाटतं?’ हा एक प्रश्न खुला ठेवून स्वतः वाचा. ‘एकच प्रतिसाद’ ही मर्यादा घातली तर गुगल खात्याने लॉगिन करावं लागतं. फाइल जोडायला सांगितली तरी तसंच. घरात आईवडिलांचा एकच फोन असतो, दोन भावंडं एकाच शाळेत असतात, मग दुसऱ्याला फॉर्म उघडतच नाही. ही मर्यादा बंद ठेवा, ईमेल गोळा करू नका, हजेरी क्रमांक विचारा. आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना तेच प्रश्न कागदावर, त्याच दिवशी, न मागता द्या.

‘दीक्षा’ हे सरकारी शैक्षणिक अॅप आणि बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड तयारीला उपयोगी आहेत. त्यातला व्हिडिओ दाखवायचा असेल तर आधी उतरवून ठेवा, दोन-तीन मिनिटांचाच तुकडा निवडा आणि कुठे थांबवून काय विचारायचं ते टाचणात वेळेसह लिहा.

टाचणातला वाढीव रकाना

अध्यापन कृती आणि अध्ययन कृती यांच्या शेजारी ‘साधन बंद पडल्यास’ असा रकाना आखा. नेट गेलं तर : मुलांनी छातीजवळ एक, दोन, तीन किंवा चार बोटं धरायची आणि तुम्ही नजरेने अंदाज घ्यायचा. वीज गेली तर : खरा परिपथ सेलवरच चालतो, धारेचे आकडे फळ्यावर. प्रोजेक्टर नसेल तर : लॅपटॉपचा पडदा सहा-सात मुलांनाच नीट दिसतो, म्हणून तो वर्गापुढे उंच धरून फिरवू नका. गटांनी एकेक करून खऱ्या परिपथावर काम करावं आणि लॅपटॉप हा त्यातलाच एक थांबा ठेवावा.

पाठ झाल्यावर त्याच दिवशी दोन आकडे लिहून ठेवा : पहिल्या मतदानात सी किती, दुसऱ्यात किती. बी धरून बसलेल्यांचे हजेरी क्रमांक मार्गदर्शक शिक्षकांना द्या, पुढच्या तासिकेला तेच वर्ग घेणार आहेत. कार्डं क्रमाने मोजून घ्या, शाळेच्या संगणकावर तुमचं गुगल खातं उघडं राहिलं नाही ना ते पाहा, आणि कन्व्हर्टर प्रोजेक्टरलाच लटकलेलं विसरू नका.